उतरल्याबिगर वजन येत न्हाई

आमच्या गल्लीत कोणाचा मिक्सर कोणत्या सुरात रडतो, हे इलियासभाईंना तोंडपाठ आहे. एका सकाळी मी वरच्या मजल्यावर शेंगदाण्याची चटणी वाटत होते, तेव्हा खालच्या त्यांच्या दुकानातून खणखणीत हाक आली, "मॅडम, बंद करा तो! अर्धा सूर बसलाय त्याचा. बुश गेलं!" मी हसले आणि चटणी पूर्ण केली. तिसऱ्या दिवशी मिक्सरने जळका वास सोडून मान टाकली. इलियासभाईंनी तो उघडला, झिजलेलं पितळी बुश पडलेल्या दुधाच्या दातासारखं माझ्या तळहातावर अलगद ठेवलं आणि म्हणाले, "तुम्ही कवितावाल्या. तुम्हाला तर ऐकू यायला पाहिजे होतं."

मी नांदेडच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. इलियासभाई माझ्या घराखालच्या गाळ्यात जळालेल्या मोटारी पुन्हा भरतात, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळतात. विहिरीवरच्या, बोअरमधल्या, पिठाच्या गिरणीच्या. गाळ्यातून दिवसभर व्हार्निशचा गोडसर, डोक्यात चढणारा वास येतो. तांब्याच्या तारेची वेटोळी दाराशी अशी लखलखत असतात, की सकाळचं ऊन आधी तिथे थांबतं आणि मग गल्लीत शिरतं. स्वतः इलियासभाई पंचेचाळिशीचे, अंगकाठी अशी की पाच एचपीची मोटार अंगावर कलंडली तर शोधावे लागतील. आणि बाराही महिने काळा टी-शर्ट. मे महिन्यात, रस्त्याचं डांबर चपलेला धरून ठेवतं त्या दिवसांतही काळाच.

"एवढ्या उन्हात काळं?" मी एकदा विचारलं.

"हेवीवाल्याला दुसरा रंग न्हाई, मॅडम."

हेवी म्हणजे त्यांचं गिटारवरचं संगीत. ढग जमिनीला टेकून गुरगुरावेत तसा आवाज असलेलं. दुपारी दोन ते चार, मोटारींचं व्हार्निश भट्टीत सुकत असताना, ते गिटार काढतात. तेव्हा माझ्या मांडणीवरची स्टीलची ताटं एकमेकींना हळूच खेटतात आणि पाण्याच्या तांब्यात बारीक वर्तुळं उमटतात. मी त्या आवाजावर आधी चिडले, मग सरावले, आणि आता एखाद्या दुपारी ताटं गप्प राहिली तर मला घर रिकामं वाटतं.

जगातल्या सर्व वस्तूंना इलियासभाई एकाच तराजूत घालतात. चहा पितात आणि म्हणतात, "वजन न्हाई." रस्सा खातात, "हाव, वजन हाय." चौकातलं कोणाचं भाषण संपतं, "आवाज लई, वजन न्हाई." माझी एक छापून आलेली कविता त्यांनी दुकानाच्या पायरीवर बसून दोनदा वाचली आणि कागद नीट घडी घालून परत दिला. "चांगली हाय. पण लई वर बांधलीय. दोन सूर खाली घ्या. उतरल्याबिगर वजन येत न्हाई." त्या कवितेवर समीक्षकांनीही लिहिलं होतं, पण तिचा दोष इतक्या कमी शब्दांत कोणी दाखवला नव्हता.

सूड म्हणून मी त्यांना छंदशास्त्र शिकवलं. आमच्या वृत्तांत अक्षरं दोन जातींची, लघू आणि गुरू. लघू म्हणजे हलकं, गुरू म्हणजे जड. इलियासभाई उठून उभेच राहिले.

"म्हंजे तुमच्यात बी हेवी हाय!"

"आहे."

"आन् आमच्या शायरीत वृत्ताला वजनच म्हणतात. बघा, सगळे एकाच गोष्टीमागं लागलेत!" त्या दिवसापासून ते मला जिन्यातून विचारतात, "आज कॉलेजात काय होतं मॅडम, लघू का गुरू?"

आता दत्ताविषयी सांगायला हवं. कारण इलियासभाईंचं सारं वजन अखेर त्या एका नावावर येऊन टेकतं.

दत्ता चाकूरचा, शेतकरी घरातला. आयटीआयला वायरमनचं शिक्षण घेताना दोघं एका बाकावर होते आणि त्या बाकावरच त्यांचा बँड जन्मला. दोन गिटारी, एक उसना ढोल, आणि नाव 'भारनियमन'. नाव दत्ताचं. सहा कार्यक्रम झाले, त्यांपैकी चार मध्येच लाइट गेल्यामुळे अर्धवट राहिले, आणि लोकांना वाटलं की हाच त्यांचा कार्यक्रम. मग दत्ता शेतीकडे परतला, आणि बारा वर्षांपूर्वी त्याने गिटार कायमची सोडली. का, ते इलियासभाई सांगत नसत. त्याची काळी गिटार मात्र दुकानाच्या छताला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून टांगलेली होती. तिला कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. पाल चढली तरी ते रागवत.

दर शुक्रवारी नमाजहून आले की ते चाकूरला फोन लावत. मला वरून एकच बाजू ऐकू येई.

"दत्त्या, ये की बे... नांगरट? बरं... पेरणी झाली ना मागच्या जुम्याला? मग आता काय? फवारणी... हाव, हाव... तुझं रान हाय का रेल्वे, कधी थांबतच न्हाई?" मग फोन ठेवून थोडा वेळ ते पान्हा उगाच पुसत बसत. दोघांचं भांडण झालं असावं, असं मी समजून चालले होते. एवढं स्पष्ट होतं, की या माणसाला आयुष्यात एकच 'हो' हवा आहे आणि तो चाकूरहून येत नाही.

आणि मग या उन्हाळ्यात, एका भर दुपारी, ते जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून माझ्या दारात उभे राहिले. हात काळे, डोळे पेटलेले.

"मॅडम, सापडलं! खाली चला!"

काय सापडलं, ते त्यांनी मला जितक्या आनंदाने समजावलं, तितक्या आनंदाने मी वर्गात आजवर काही शिकवलेलं नाही. गिटारला सहा तारा. नेहमीच्या जुळणीत त्या मोकळ्या छेडल्या तर सहा शेजारणी एकाच वेळी वेगवेगळ्या विषयांवर बोलल्यासारख्या वाटतात. त्यांना एका सुरात आणायला डाव्या हाताची तीन-चार बोटं निरनिराळ्या तारांवर दाबावी लागतात. "पण तारा आधीच अशा लावल्या," इलियासभाई म्हणाले, "की मोकळ्या छेडल्या तरी एकमेकींत मिळून वाजल्या, तर? ह्याला ओपन जुळणी म्हणतात. लोक गोडगोड गाण्यांना वापरतात. मी त्यातली साखर काढून टाकली. गंधार न्हाई, काही न्हाई. फकस्त सा आन् प. सा, प, सा, प, सा, सा."

आणि तो सा कुठला? गल्लीच्या कोपऱ्यावर विजेची डीपी आहे. ती रात्रंदिवस घूंऽऽ करत असते. इलियासभाईंनी तिचा सूर 'सा' धरला होता, आणि सगळ्यांत जाड तार त्याच्याही एक सप्तक खाली.

त्यांनी तारा छेडल्या. माझ्या तळपायांना आधी कळलं, कानांना नंतर.

"इलियासभाई, हा तर तंबोरा झाला!"

"हाव, तंबोराच," ते म्हणाले. "फकस्त ह्याला राग आलाय."

समोरच्या घरातले निवृत्त तलाठी काका कठड्याला रेलून हे सगळं ऐकत होते. "ओपन म्हणून राहिलास इलियास, मग त्यात आरक्षण न्हाई का?"

"हाय की, काका. सहापैकी चार जागा 'सा'ला, दोन 'प'ला."

काकांनी गंभीरपणे मान हलवली. "'प'वर अन्याय हाय."

अडचण मात्र पुढेच उभी होती. एवढ्या खाली उतरवल्यावर तारा सैल पडल्या. दोरीवरच्या ओल्या कपड्यांसारख्या हलू लागल्या, फडफडू लागल्या. मग त्यांनी युक्ती केली. प्रत्येक तार शेजारच्या जागी सरकवली, म्हणजे प्रत्येक जागी आधी होती तिच्याहून जाड तार आली. पाच जागा भरल्या. सहावी, सगळ्यांत खालची, रिकामी राहिली; कारण तिथे बसेल इतकी जाड तार नांदेडात कोणाकडे नव्हती.

ते दिवस मोठे गमतीचे होते. ते दिवसभर पुटपुटत, "सकाळपासून उतरवून राहिलो, पण नीट उतरतच न्हाई." रेहानाभाभींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, हे ऐकलं आणि त्यांचा समज झाला की नवऱ्याला कोणाची तरी नजर लागली आहे. त्या सात लाल मिरच्या आणि मूठभर मीठ घेऊन दुकानात आल्या. "मला न्हाई गं, तारेला!" इलियासभाई ओरडले. भाभींनी क्षणभर विचार केला आणि मिरच्या गिटारवरून उतरवल्या. ठसका सगळ्या गल्लीला लागला.

त्याच सुमारास त्यांनी आणखी एक तऱ्हा सुरू केली. मोटारीची वेटोळी बांधायला जी पांढरी सुती पट्टी वापरतात, ती घेऊन गिटार वाजवण्याआधी ते डाव्या हाताचं मधलं बोट, अनामिका आणि करंगळी एकत्र करकचून बांधत. उरली तर्जनी. त्या एका बोटाने ते सगळ्या तारा आडव्या दाबत आणि वर-खाली सरकत.

"हे काय आता?"

"स्टाइल हाय, मॅडम."

"दुखत नाही?"

"दुखतंय की. पयल्यांदा तर बोट बधिर झालं. पण ह्या एका बोटात सगळं गाणं बसलं पाहिजे. बसवून राहिलो."

कलावंताचं वेड म्हणून मी ते सोडून दिलं. ऐकता आलं नाही, म्हणून मिक्सर गेला होता. मला बघताही आलं नाही, हे पुढे कळलं.

तारेच्या शोधात ते लातूरला निघाले, तेव्हा मलाही उत्तरपत्रिका तपासायला तिकडेच जायचं होतं. एकाच बसने गेलो. वाटेत चाकूरच्या स्टँडवर बस दहा मिनिटं थांबते. इलियासभाई उतरले आणि टपरीवर दोन चहा सांगितले. मला वाटलं, एक माझा. पण त्यांनी फोन लावला होता. "स्टँडवर हाय बे. दहा मिनिटं. फकस्त तोंड दाखव... रानात? बरं." एक चहा ते प्याले. वाहकाने घंटी दिली. तेव्हा दुसराही उभ्याउभ्या, घाईने, जीभ भाजत प्याले आणि बसमध्ये येऊन खिडकीकडे तोंड करून बसले. अहमदपूरपासून सुरू असलेली त्यांची बडबड लातूरपर्यंत पुन्हा उगवली नाही.

लातूरच्या वाद्यांच्या दुकानदाराने बोटांनी दाखवलेली जाडी पाहिली आणि म्हणाला, "भाईजान, एवढी तार गिटारीला न्हाई लागत. पुलाला लागती."

हा टोमणा इलियासभाईंना झोंबायला हवा होता. पण ते थांबले, स्वतःशीच हसले आणि माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते मी ओळींमध्ये पकडण्याचा पुष्कळ प्रयत्न केला आहे, जमलेलं नाही. "मॅडम, मी येडा हाय का? अख्खी जिंदगी तांब्याची तार गुंडाळून राहिलो, आन् तार मागायला लातूरला आलो!"

दुसऱ्या दिवशी मी रजाच टाकली. हा प्रकार बघण्यासारखाच होता. मोटारीची वेटोळी गुंडाळायच्या यंत्रावर त्यांनी गिटारची एक पोलादी तार ताणून बसवली आणि फिरत्या तारेवर तांबं चढवायला सुरुवात केली. वेढ्याला वेढा चिकटून, केसाइतकीही फट न ठेवता. तांबं सरसरत होतं, यंत्राचा आकडा पुढे पळत होता आणि इलियासभाई श्वास धरून, डोळे मिटून, फक्त ऐकत होते. पहिली तार पेगला, म्हणजे तार पिळायच्या खुंटीला, लावताच सुटली आणि स्प्रिंगसारखी उसळून तलाठी काकांच्या कुंडीत पडली. दुसरी पिळली. तिसरी वाजली, पण घोगरी. चौथीच्या वेळी त्यांनी वेढे संपवून टोकाला कथलाचा डाग दिला, तार चढवली, कान लावला. कोपऱ्यावर डीपी घूंऽऽ करत होती. त्यांनी पेग केसभर फिरवला. आणि एका क्षणी डीपी आणि तार यांच्यातली शिवण नाहीशी झाली.

"वजन!" ते ओरडले. "तार जड केली, म्हणून खाली उतरूनबी ताठ राहिली! वजन, मॅडम, वजन!" मी टाळ्या वाजवल्या. काकांनी कुंडी उचलून घेतली.

मग त्यांनी तशीच आणखी एक तार केली. ती कोणासाठी, हे मी विचारलं नाही; छताला टांगलेली पिशवी त्या दिवशी पहिल्यांदा खाली उतरली होती.

फोन चालूच होते. सोयाबीनची काढणी झाली, मळणी झाली, रास घरात आली. दत्ताकडची कारणं संपली असावीत, किंवा रेहानाभाभींनी फोन हिसकावून घेऊन, "दत्ताभाऊ, आता तुम्ही नाही आले तर मी ह्यांना गिटारीसकट तिकडं पाठवते," असं सांगितलं, त्याचा परिणाम असावा. एका रविवारी सकाळी तो आला.

मी चटणी वाटत असतानाच नेमकी लाइट गेली. खाली दत्ता आल्याचं ऐकून तशीच उतरले. उंच, उन्हाने रापलेला माणूस; डावा हात पँटच्या खिशात. रेहानाभाभींनी चहा दिला, तो त्याने उजव्या हाताने घेतला. दोघं खूप वेळ पाऊस, भाव, कोणाची मुलगी कुठे दिली, हेच बोलले. लाइट नसल्याने डीपी गप्प होती, गल्ली गप्प होती. शेवटी इलियासभाई उठले आणि काळी गिटार त्याच्या मांडीवर ठेवली.

"ऐकून तरी बघ."

दत्ताचा चेहरा आवळला. "इल्या, कशाला थट्टा करून राहिलास?" त्याने खिशातला हात बाहेर काढला आणि टेबलावर आदळल्यासारखा ठेवला. अंगठा आणि तर्जनी होती. पुढे काही नव्हतं. बारा वर्षांपूर्वीच्या मळणी यंत्राने तीन बोटं मुळापासून नेली होती. "ह्यानं वाजवू?"

इलियासभाई खणाकडे वळले. खणातून पांढरी पट्टी काढली, तीन बोटं बांधली, आपली गिटार घेतली आणि उरलेली तर्जनी तारांवर आडवी ठेवली. ॲम्प्लिफायर मेलेला होता. तरी त्या जाड तांब्याचा आवाज लाकडात उतरला, तिथून टेबलात, टेबलातून दत्ताच्या टेकलेल्या हातात. एक बोट वर गेलं, खाली आलं. 'भारनियमन'चं पहिलं गाणं. सगळं. एका बोटात.

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. सहा महिने ज्या पट्टीला मी तऱ्हेवाईकपणा समजले, तिचा अर्थ आता माझ्या डोळ्यांसमोर वाजत होता.

दत्ता बराच वेळ त्या पट्टीकडे पाहत राहिला. मग त्याने आपली तर्जनी काळ्या गिटारवर ठेवली. आडवी. जपून, झोपलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावी तशी. उजव्या हाताने तारा छेडल्या. सहाही एकत्र बोलल्या.

"माझ्यासाठी उतरलास व्हय रे, एवढा खाली?"

"मी कशाला? डीपीचा सूर हाय तो," इलियासभाई म्हणाले. आवाज मात्र अर्धा सूर बसला होता.

दत्ताने गिटार बाजूला ठेवली, मित्राचा डावा हात ओढून घेतला आणि पट्टीची गाठ सोडली. वेढ्यामागून वेढा. आतली बोटं पांढरी पडली होती, सुरकुतली होती. "हे सोड आता. मी हाय एका बोटाचा. दोघं बी एका बोटाचे झालो, तर त्याला बँड म्हणत न्हाईत बे."

इलियासभाईंनी मोकळी झालेली बोटं तारांवर ठेवली. आणि अडले. या जुळणीत ती तीन बोटं त्यांनी कधी वापरलीच नव्हती. तिथे काय असतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी एक दाबलं, सोडलं, दुसरं दाबलं. भलतंच काही वाजलं.

"येत न्हाई मला," ते म्हणाले.

"मग शिक की!" दत्ता खदखदून हसला. "मी खालची बाजू धरतो. तू वर शोध."

तेवढ्यात लाइट आली. डीपीने सा धरला, ॲम्प्लिफायर घशातून गरजला, टांगलेले पान्हे एकमेकांवर आपटले, काकांनी खिडकी उघडली. आणि वर, मी बटण बंद करायला विसरलेला माझा मिक्सर आपोआप सुरू झाला. अर्ध्या वाटलेल्या चटणीसकट, बेसूर, किंचाळत.

मी इलियासभाईंकडे पाहिलं. त्यांना तो ऐकू आला नाही.